जुन्या खाणींतले दगड



कार्यक्रमपत्रिकेत 'सोन्याच्या खाणी' हे शब्द वाचून आज नेहमीपेक्षा चार मंडळी अधिक आली असतील, तर त्यांची थोडी निराशा होणार आहे. या टेबलावर मी जे दगड मांडले आहेत त्यांत सोने आहे खरे. पण बहुतेकांत ते नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. कर्नाटकातील कोलारच्या खाणींतून सुमारे १२० वर्षांत ५ कोटी टनांच्या आसपास दगड वर काढला गेला आणि त्यातून ८०० टनांहून थोडे अधिक सोने मिळाले. भागाकार करून पाहा. टनभर दगडात १६ ग्रॅम, म्हणजे दीड तोळ्यालाही कमी. टनभर गारगोटी म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची अडीच फुटांच्या आतबाहेर असलेला एक ठोकळा. त्या सबंध ठोकळ्यात एक अंगठी आणि एखादी बाळी होईल एवढे सोने, आणि तेही एका जागी नव्हे, कणाकणांनी विखुरलेले. आणि ही खाण जगातल्या श्रीमंत खाणींत मोजली जात असे!

तेव्हा आज सोन्याविषयी थोडे आणि सोने ज्या दगडात राहते त्या दगडाविषयी अधिक बोलावे असा माझा विचार आहे. जुन्या, बंद पडलेल्या खाणींतला एक दगड हाती आला तर त्यातून काय काय कळते, आणि ते कळण्यासाठी दगडाखेरीज आणखी कशाची गरज असते, हा माझा प्रश्न आहे. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

आपल्या घरच्याच एका गोष्टीपासून सुरुवात करू. सोनार दागिना काळ्या दगडावर घासतो आणि उमटलेली रेघ पाहतो. याला आपण कस लावणे म्हणतो. खनिजांची परीक्षा करणारा माणूस हेच करतो. त्याचा दगड काळा नसतो, पांढऱ्या, बिनझिलईच्या चिनी मातीची एक फरशी असते, एवढाच फरक. खनिजाचा बाहेरचा रंग फसवतो, त्याच्या भुकटीचा रंग सहसा फसवत नाही. पायराइट हे लोखंड आणि गंधक यांचे खनिज सोन्यासारखे चकाकते. पण फरशीवर त्याची रेघ हिरवट काळी उमटते. सोन्याची रेघ सोनेरीच. वैद्यमंडळी ज्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात त्या तांब्याच्या खनिजाचेही तसेच: रूप सोन्याचे, रेघ काळी. नावातच 'सुवर्ण' घालून ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा फरक ठाऊक होता, कारण ते माक्षिकाचे भस्म करीत, दागिने करीत नसत.

दुसरी परीक्षा चाकूच्या टोकाची. सोने मऊ, त्याला ओरखडा पडतो, कण दाबला तर पसरतो. पायराइटला चाकू लागत नाही, जोर केला तर त्याचा चुरा होतो. तिसरी परीक्षा वजनाची. पाण्याच्या मानाने गारगोटी २.६५ पट जड, पायराइट पाच पट आणि शुद्ध सोने १९.३ पट. झाऱ्याची बायको सोनाराच्या दुकानासमोरची माती परातीत घोळवते, तेव्हा ती या आकड्यांचाच उपयोग करीत असते. चौथी परीक्षा नाकाची आहे. काही दगडांत पोलादासारखे पांढुरके, शंकरपाळ्यासारख्या कापाचे स्फटिक दिसतात. त्यांवर हातोडी मारली की लसणीचा वास सुटतो. ते आर्सेनोपायराइट, त्यात सोमल असतो. हा वास मुद्दाम घेत बसू नये, आणि दगड हाताळल्यावर हात धुवावेत, एवढे तरुण मित्रांना सांगून ठेवतो.

इथवर आपण दगडात काय आहे ते पाहिले. पण ते कसे बसले आहे, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. कापड घेताना आपण नुसते सूत की रेशीम एवढेच विचारत नाही. पोत पाहतो, वीण पाहतो. दगडालाही पोत असतो. जमिनीतील भेगेत गारगोटी आणि तिच्याबरोबरची खनिजे साचून जो पट्टा तयार होतो त्याला शीर म्हणतात. ती शीर कशी भरली, एका दमात की हजार वेळा, उथळ जागी की खोल, शांतपणे की धक्के खात, हे तिच्या पोतावरून वाचता येते.

आपल्याला सर्वांत परिचित असलेला नमुना घेऊ. दख्खनच्या काळ्या पाषाणात, विहिरी खणताना किंवा खडी फोडताना, पोकळ्या सापडतात. त्या फोडल्या की आत गारगोटीचे, जांभळ्या ॲमेथिस्टचे किंवा झिओलाइटचे स्फटिक असतात. नीट पाहा: सगळे स्फटिक भिंतीवर उभे आहेत आणि त्यांची टोके पोकळीच्या मध्याकडे आहेत. पोकळी आधी होती, पाणी मागाहून आले आणि स्फटिकांना वाढायला मोकळी जागा मिळाली. भिंतीलगत अकीकाचे पट्टे असतात. भिंतीपासचा पट्टा आधीचा, आतला नंतरचा. हा मोकळ्या जागेत भरलेल्या दगडाचा पोत. शिरेत अशी कंगव्याच्या दातांसारखी मांडणी दिसली, तर ती भेग उघडी राहू शकली असे समजावे. आणि फार खोलवर, वरच्या खडकाच्या भाराखाली, भेग सहसा उघडी राहू शकत नाही.

आता हा कोलारच्या चँपियन शिरेचा तुकडा पाहा. पोकळी नाही, टोकदार स्फटिक नाहीत. करडी निळसर गारगोटी, आणि तिच्यात एकमेकींना समांतर अशा काळ्या बारीक रेघा, एखाद्या जुन्या पोथीची पाने कडेने पाहावीत तशा. प्रत्येक काळी रेघ म्हणजे शेजारच्या खडकाचा एक पापुद्रा आहे. भूगर्भात कैक किलोमीटर खोल, तप्त पाण्याचा दाब वाढत वाढत खडकाच्या भारापेक्षा अधिक झाला की खडक केसाएवढा फाटतो. पाणी त्या फटीत शिरते, दाब उतरतो, गारगोटी साचते आणि फट बुजते. पुन्हा दाब चढतो. पुन्हा फट पडते, बहुधा जुन्या गारगोटीच्या आणि खडकाच्या सांध्यावरच, आणि खडकाचा एक पापुद्रा नव्या गारगोटीत अडकतो. फाटणे आणि सांधणे यांचे हे चक्र १९८० साली जॉन रॅम्से या भूवैज्ञानिकाने व्यवस्थित मांडले. १९८८ मध्ये रिचर्ड सिब्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा संबंध भूकंपांशी जोडून दाखवला: खडकातला मोठा भ्रंश म्हणजे एक झडप, ती भूकंपात उघडते आणि मग हळूहळू बंद होते. म्हणजे या तुकड्यातल्या रेघा काही अंशी भूकंपांची वही आहे. मात्र प्रत्येक काळी रेघ अशीच जन्मते असे नाही. दाबाखाली गारगोटी विरघळून मागे जो काळा गाळ राहतो त्याचीही अशीच रेघ दिसते. पहिली कोणती आणि दुसरी कोणती, ते दगडाचा कागदासारखा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठरवावे लागते. घाईने निकाल देणाऱ्याचे हे काम नव्हे.

सोने या पाण्यात आले कसे, असे कोणी विचारील. सोने साध्या पाण्यात विरघळत नाही; पण तापलेल्या पाण्यात गंधक असेल तर गंधकाचा हात धरून ते प्रवास करते. हे पाणी लोखंडाने समृद्ध अशा खडकात शिरले की लोखंड गंधकाला ओढून घेते आणि त्याचे पायराइट किंवा पायरोटाइट बनते. हात सुटलेले सोने तेथेच खाली बसते. दाब एकाएकी उतरला तरीही ते सुटते. कोलारच्या पट्ट्यातला खडक मूळचा काळा, लोहयुक्त लाव्हाच. वय सुमारे २७० कोटी वर्षे. म्हणूनच सोन्याच्या शेजारी या गंधकी खनिजांची गर्दी सारखी आढळते. चँपियन शिरेत गंधकी खनिजे कमी आणि मोकळे सोने अधिक. तिच्या पश्चिमेकडच्या शिरांत आर्सेनोपायराइट आणि पायरोटाइट यांचा भरणा.

कोणते खनिज आधी आणि कोणते नंतर, हे पाहायचे असेल तर दगडाचा तुकडा आरशासारखा घासून वरून प्रकाश टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. ही दृष्टी एकदा लाभली की माणूस सहजी उठत नाही! पायराइट कठीण म्हणून किंचित उठून दिसते, रंग फिकट पिवळा. पायरोटाइट गुलाबीसर ब्राँझच्या छटेचे, आणि ते बहुधा लोहचुंबकाला ओढ घेते. आर्सेनोपायराइट पांढरेशुभ्र, कोनदार. आणि मध्येच एक ठिपका असा पेटल्यासारखा पिवळा दिसतो की ते सोने आहे हे सांगावे लागत नाही. तो ठिपका पुष्कळदा आर्सेनोपायराइटच्या तड्यात असतो. तडा जाण्यासाठी आधी स्फटिक हवा; म्हणजे स्फटिक आधीचा, सोने नंतरचे, निदान तेथे नंतर येऊन बसलेले. न्यायालयात साक्षीदार तपासावेत तसे हे आहे. कोण कोणाला छेदतो, कोण कोणाला वेढतो, कोण कोणाच्या जखमेत शिरतो, एवढे पाहत गेले की क्रम लागतो.

आता खाणी खणणाऱ्या माणसांकडे वळू. रायचूर जिल्ह्यात हट्टी येथे आजही सोन्याची खाण चालू आहे. तेथे नव्या खाणवाल्यांना जुनी कामे सापडली, ती ६०० फुटांहूनही खोल गेलेली. त्या कामांतल्या लाकडाची कार्बन-१४ पद्धतीने परीक्षा झाली तेव्हा ते सुमारे २००० वर्षांपूर्वीचे निघाले. सुरुंगाची दारू नाही, पंप नाही. खडकाला लाकडे लावून आग पेटवायची, तापलेल्या खडकावर पाणी मारायचे आणि तडकलेला दगड छिन्नीने काढायचा. वर आणलेली गारगोटी कठीण खडकावरच्या उखळांत कुटायची. ती उखळे तेथे अजून दिसतात. हट्टीजवळच मस्की आहे. १९१५ साली बीडन नावाचा खाणीचा अभियंता त्या मुलखात सोने शोधत हिंडत असता त्याला तेथे ब्राह्मी लिपीतला एक शिलालेख आढळला. तो सम्राट अशोकाचा निघाला. इतर लेखांत 'देवानांप्रिय' एवढेच म्हणवणाऱ्या राजाचे 'अशोक' हे नाव त्यात प्रथम सापडले. मौर्यांचा लेख नेमका सोन्याच्या मुलखात का, यावर इतिहासकारांनी काय म्हणायचे ते म्हणावे. मला एका दगडाच्या शोधात दुसरा दगड सापडला याची गंमत वाटते.

हे जुने लोक कोठे थांबले, ते मोठे बोधप्रद आहे. जमिनीच्या वरच्या थरात हवा आणि पावसाचे पाणी गंधकी खनिजांना खाऊन टाकते. लोखंडाचा गंज होतो, गंधक आम्ल होऊन निघून जाते आणि दगड मधमाश्यांच्या पोळ्यासारखा तांबूस, पोकळ उरतो. सोने गंजत नाही. ते त्या पोळ्यात मोकळे होऊन पडते. असा दगड कुटायला सोपा आणि सोने द्यायला उदार. पाण्याच्या पातळीखाली गेले की चित्र पालटते: दगड ताजा, कठीण, काही सोने गंधकी खनिजात जखडलेले, आणि खड्ड्यात पाणी भरू लागलेले. पाणी उपसण्याची शक्ती संपली तेथे काम संपले. सोने संपले म्हणून ते थांबले असे प्रत्येक ठिकाणी समजू नये.

हा भेद न कळल्याने एकोणिसाव्या शतकात केवढा अनर्थ झाला! वायनाडच्या डोंगरांत जुन्या लोकांच्या खुणा होत्या, गारगोटीच्या शिरा होत्या. ऑस्ट्रेलियात नाव कमावलेल्या ब्रफ स्मिथ यांना सरकारने बोलावले, १८८० मध्ये त्यांचा अहवाल आला, आणि लंडनमध्ये डझनांनी कंपन्या निघाल्या. दाखवायला आणलेले दगड उत्तम होते. पण ते वरच्या, गंजलेल्या थरातले आणि निवडून घेतलेले. यंत्रे डोंगरावर चढवली, खालचा दगड गिरणीत गेला आणि सोने हिशेबाला पुरेना. दोन-चार वर्षांत बहुतेक कंपन्या बुडाल्या. त्या निवडक दगडांचा दोष नव्हता. ते खरेच बोलत होते, पण स्वतःपुरते; त्यांच्याखाली काय आहे ते त्यांना कोणी विचारलेच नाही.

याच सुमारास कोलारलाही तीच पाळी आली होती. लेफ्टनंट वॉरन याने १८०२ सालीच तेथील गावकरी सोने काढतात हे लिहून ठेवले होते. १८८० नंतर कंपन्या आल्या, भांडवल आटत गेले आणि भागीदारांचा धीर सुटला. म्हैसूर कंपनीजवळ थोडे पैसे उरले होते. जॉन टेलर आणि मंडळींच्या सल्ल्याने कॅप्टन प्लमर याने जुन्या लोकांच्या खड्ड्यांखालीच खोल जाण्याचे ठरवले, आणि त्या कामांच्या तळाशी चँपियन शीर हाती लागली. पुढे १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवसमुद्रमहून या खाणींसाठी वीज आली. १९५६ मध्ये खाणी सरकारच्या ताब्यात गेल्या. खोली ३ किलोमीटरच्या पलीकडे पोहोचली. १९६५ साली तर याच खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली.

आणि या सगळ्यामागे जे मजूर होते त्यांच्याविषयी एक वाक्य बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. बहुसंख्य तमिळ मुलखातून आलेले, पुष्कळसे दलित. ज्या गारगोटीत सोने असते त्याच गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि माणसाचा श्वास कोंडून त्याला मारते. खोल गेल्यावर खडक दाबाने तोफेसारखा फुटतो, त्यात किती गेले. आपल्या हातातला हा गुळगुळीत नमुना कोणीतरी त्या धुळीत उभा राहून फोडलेला आहे.

२००१ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस कोलारच्या खाणी बंद झाल्या. पंप थांबले आणि बोगद्यांत पाणी चढले. याचा अर्थ काय होतो तो नीट ध्यानात घ्या. चँपियन शिरेचा तीन किलोमीटर खालचा तुकडा आज कोणालाही जाऊन आणता येणार नाही. जे काही आहे ते कपाटांत आहे: काही भूविज्ञान खात्यांत, काही महाविद्यालयांत, काही निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी, दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूंत.

खाणींच्या परिसरात ढिगांचे डोंगर आहेत, असे कोणी म्हणेल. आहेत, तेरा मोठे ढीग, ३ कोटी टनांहून अधिक. त्यांतले उरलेसुरले सोने काढण्याच्या योजनेला २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने संमती दिली. सोने निघत असेल तर अवश्य काढावे, आणि ढिगांची धूळ वस्तीवर उडते तीही थांबावी. पण ते ढीग गिरणीतून निघालेल्या पिठाचे आहेत. पिठात सोन्याचा कण सापडतो. रेघा, पापुद्रे, कोण आधी आणि कोण नंतर, यांतले काहीच सापडत नाही. भाकरीचे पीठ पाहून शेतातले कणीस कसे होते ते सांगता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. पोत वाचायचा तर अख्खा दगड हवा.

अख्खा दगडही एकटा पुरत नाही. दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या संग्रहातले नमुने पाहण्याचा योग आला. त्यात रेघांच्या गारगोटीचा एक अप्रतिम तुकडा होता, त्यात डोळ्यांना दिसणारे सोने. शेजारच्या कागदावर एवढेच: 'सोने, कोलार.' कोणत्या शिरेचा, किती खोलीवरचा, कोणत्या भिंतीलगतचा, वरची बाजू कोणती, कोणी कधी काढला, काही नाही. त्याच कपाटात एक ओबडधोबड, काळपट, सोन्याचा मागमूस नसलेला दगड होता. त्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर कोणा अज्ञात लेखनिकाने शाईने शाफ्टचे नाव, फुटांत खोली आणि तारीख लिहून ठेवली होती. मला विचाराल तर दुसरा दगड लाखमोलाचा. त्याचा पातळ काप करावा, त्याच्या गारगोटीत अडकलेले सूक्ष्म बुडबुडे तापवून पाहावेत. अशा शिरांत ते साधारणपणे अडीचशे ते चारशे अंशांच्या दरम्यानची कथा सांगतात. मग त्या खोलीवर तापमान काय होते, वरच्या आणि खालच्या दगडांत फरक काय, हे विचारता येते. पहिल्या तुकड्याला असा एकही प्रश्न विचारता येत नाही, कारण त्याचे उत्तर कोणत्या जागेला लावायचे हेच ठाऊक नाही. वायनाडच्या दगडांची गोष्ट आठवा.

म्हणून माझी विनंती अगदी लहान आणि रोकडी आहे. आपल्यापैकी कोणाचे वडील, काका, मामा कोलारला, हट्टीला किंवा आणखी कोठल्या खाणीत नोकरीला होते, आणि घरात त्यांनी आणलेला दगड असेल, तर तो धुऊन, घासून, पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवण्याआधी घरातल्या वडील माणसांना विचारा: हा कोठला, कोणत्या साली आला, कोणी दिला? ते सांगतील ते एका कागदावर लिहा, त्यांच्या शब्दांत लिहा, पक्के आठवते ते एका बाजूला आणि अंदाजाचे दुसऱ्या बाजूला. दगडावरच एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक घाला आणि तोच कागदावर. कारण कागद आणि दगड यांची ताटातूट पहिल्याच घर बदलण्यात होते. विद्यार्थी जुन्या खाणीवर गेले तर बंद बोगद्यात मुळीच शिरू नये. छत केव्हा येईल आणि हवा कोठे विषारी असेल याचा नेम नसतो. बाहेरच्या ढिगावरचा दगड घेतला तर परवानगीने घ्यावा आणि 'ढिगावरचा' असेच लिहावे. तो कमीपणा नाही. शिरेतला म्हणून खोटे लिहिणे हा मात्र आहे.

वेळ संपत आली आहे. टेबलावर सात दगड आहेत आणि दहापट मोठे दाखवणारी दोन भिंगे आहेत. रांगेने यावे. भिंग डोळ्याला अगदी लावून धरायचे आणि दगड जवळ आणायचा, उलट करू नये. तिसऱ्या क्रमांकाच्या दगडात, खालच्या काळ्या रेघेवर, उजवीकडे सोने आहे. दिव्याकडे तिरपा धरला म्हणजे दिसेल. आणि दगड परत ठेवताना त्याच्या स्वतःच्याच चिठ्ठीवर ठेवावा.